काळी दोनमध्ये जुळवलेली रॅकेट

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. एप्रिल संपत आला होता, आणि मिरजेत आमच्या जिमखान्याच्या व्हरांड्यात दिवाडकर नावाचा मुंबईचा विक्रेता चक्क टेबलावर चढून एक काळीभोर रॅकेट डोक्याभोवती फिरवत होता.

“अंतराळयानाला जो पदार्थ वापरतात ना, त्याच पदार्थाची ही रॅकेट! ग्रॅफाइट! लाकूडबिकूड आता विसरा मंडळी. चेंडूला तीस टक्के जास्त वेग आणि कोपराला त्रास शून्य!”

त्याच महिन्यात आपला माणूस पहिल्यांदा अंतराळात जाऊन आला होता. गावात पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे यानाचंच बोलत होते. दिवाडकरांनी वेळ बरोबर साधली होती.

“अहो दिवाडकर,” आमचे सेक्रेटरी आप्पा कवठेकर सुपारी कातरत म्हणाले. ते वकील होते, त्यामुळे समोरच्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. “एवढी यानाची रॅकेट, तर चेंडू कृष्णेपलीकडे जाऊन पडायचा. तो आणायला कोण जाणार? तुम्ही?”

सगळे हसले. दिवाडकरही हसले. माणूस वाईट नव्हता. चोख कपडे, कपाळावर घाम, आणि हातात इंग्रजी पत्रकांचा गठ्ठा.

“आप्पासाहेब, चेष्टा करा. पण रविवारी तुमच्या बायकांची फायनल आहे ना? त्यातल्या एका खेळाडूला मी ही रॅकेट देतो. बक्षीस! जिंकल्यावर जगाला सांगायचं की कशानं जिंकले, एवढीच अट.”

त्या फायनलमधली एक खेळाडू मी होते. वय वर्षं छत्तीस, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, दोन मुलं. साडीचा पदर खोचून सराव करायची आणि सामन्याला पांढरा पंजाबी ड्रेस घालायची. त्यावरून गावात झालेली चर्चा हा वेगळा विषय. दुसरी होती रेवती आरवाडे. वय एकोणीस, बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला माझीच विद्यार्थिनी. टेनिसही तिला मीच शिकवलेलं.

जिंकणारीला पुण्याला राज्य स्पर्धेत खेळायला मिळणार होतं. जिमखान्यातून एकच बाई जायची. त्या जागेसाठी मी अकरा वर्षं थांबले होते. एकदा नंबर लागला तेव्हा धाकटा पोटात होता. दुसऱ्यांदा लागला तेव्हा सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. आता घर मोकळं होतं, पाय अजून पळत होते, पण रेवती महिन्यागणिक चढत होती आणि मी महिन्यागणिक उतरत होते. पुढच्या वर्षी मी तिच्यासमोर टिकणार नव्हते हे मला आरशाइतकं स्पष्ट दिसत होतं. जायचं तर याच वर्षी.

दिवाडकर रॅकेट घेऊन आधी माझ्याकडे आले.

“मॅडम, तुम्ही सायन्सच्या. तुम्हालाच कळेल हिची किंमत.”

“तीस टक्के कशाच्या मानानं?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“कुठल्या रॅकेटच्या मानानं, कुणी मारल्यावर, कसं मोजलं?”

त्यांनी पत्रक उलटंसुलटं केलं. “तसं इथं दिलेलं नाही.”

“मग राहू दे. माझी लाकडी बरी.”

रेवतीनं मात्र दोन्ही हात पुढे केले. मला राग आला नाही. एकोणिसाव्या वर्षी मीही केले असते.

रॅकेट आली होती नुसती चौकट, जाळीची तात न ओढलेली. मिरजेत तात ओढायची म्हणजे दस्तगीरचाचांकडेच जायचं. दस्तगीर सतारमेकर हे तंबोरे करणाऱ्या घराण्यातले. संस्थानच्या काळात साहेबलोकांच्या रॅकेटी तुटल्या की मुंबईला पाठवाव्या लागत. तेव्हा कुणीतरी चाचांच्या वडिलांना विचारलं, तुमच्याकडे तार ओढणारा हात आहे, मेंढीच्या आतड्याची तात ओढाल का? तेव्हापासून तंबोऱ्यांच्या भोपळ्यांशेजारी त्यांच्या दुकानात रॅकेटी टांगलेल्या असत.

रेवतीबरोबर मीही गेले. माझी तात सैल पडली होती. दिवाडकर मागोमाग आलेच.

“पंचावन्न पौंड ताण द्या,” त्यांनी फर्मावलं.

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. “पौंड? पौंड तर बटाट्याचं असतंय साहेब. तातेला सूर असतोय.”

“तुमच्याकडे ताण मोजायचं मशीन नाही?”

“आहे की.” चाचांनी कानाची पाळी धरून दाखवली. “दोन आहेत. एक बिघडलं तर असावं म्हणून.”

रेवती खुदकन हसली. चाचांनी माझ्या रॅकेटची तात बोटानं छेडली, शेजारच्या बाजाच्या पेटीवर दुसरी काळी पट्टी दाबली आणि मान हलवली. “काळी दोनला होती, उतरलीय. चाळीस वर्सं मिरजेतली हरेक रॅकेट काळी दोनला लावतोय. एकाही खेळाडूची तक्रार नाही. पोरी, तुझी ही विलायती पण तिथंच लावतो. बाईंची आणि तुझी एकाच लडीतली तात घालतो. मग बघू कोण कुणाला भारी पडतंय.”

“वा!” मी म्हटलं. “म्हणजे फरक राहिला तर फक्त चौकटीचा.”

शास्त्राच्या दृष्टीनं यापेक्षा चोख परीक्षा नाही, असं मला वाटलं. मी पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि मला असं वाटलं!

रविवारी सकाळी सातला सामना सुरू झाला. कोर्ट आदल्या दिवशी शेणानं सारवलेलं, कडेला लिंबाची सावली, आणि माणसं इतकी की काही पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली. रेवतीच्या हातातली ती काळी रॅकेट उन्हात चमकली की “यान आलं, यान!” असा गलका व्हायचा.

पहिल्याच गेममध्ये माझ्या ध्यानात आलं की रेवतीचे चेंडू आखूड पडताहेत. एरवी तिचा फोरहँड मागच्या रेषेवर येऊन आदळायचा आणि मला दोन पावलं मागं ढकलायचा. आज तोच फटका अर्ध्या कोर्टात येऊन उभा राहात होता, जणू विचारत होता, मारताय ना? मी मारत होते. डावीकडे, उजवीकडे, मनात येईल तिथं. अंगात वारं भरलं होतं. कॉलेजच्या दिवसांनंतर मी अशी खेळले नव्हते. पहिला सेट सहा-तीन.

“दिवाडकर,” पंचांच्या खुर्चीशेजारी बसलेल्या आप्पांनी हाक दिली, “यानात इंधन भरायचं राहिलं काय हो?”

“मुलगी बिचकलीय,” दिवाडकर रुमालानं मान पुसत म्हणाले. “रॅकेट उत्तम आहे.”

“होय की. उलटतपासणी होईपर्यंत साक्षीदारही उत्तमच असतोय.”

दुसऱ्या सेटमध्ये तीन-शून्य. पुणे मला दिसायला लागलं होतं. गाडी, स्टेशन, अंगावर पांढरा ड्रेस, छातीवर जिल्ह्याचं नाव. रेवती दर फटक्यानंतर कोपर चोळत होती.

बाजू बदलताना आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. रेवतीनं पाणी प्यायलं, रॅकेट मांडीवर आडवी घेतली आणि मधली तात बोटानं छेडली. टुंग. मग पुन्हा, जरा जोरात. टुंग. मीही चाळा म्हणून माझी छेडली. तोच सूर. तंतोतंत.

पलीकडे लिंबाखाली चाचा बसले होते. त्यांचा चेहरा फुलला. “ऐकलं का बाई? दोन्ही एक! बालभर फरक नाही!”

“खरंच, चाचा,” मी म्हणाले. आणि पुन्हा खाली पाहिलं.

दोन रॅकेटी शेजारी शेजारी होत्या. माझ्या लाकडी रॅकेटचं तोंड लहान. त्या काळीचं मोठं, आतली तात बोटभर लांब. माझी दहा इंच धरली तर तिची अकरा.

जानेवारीत प्रयोगशाळेत मी सोनोमीटर शिकवला होता. लाकडी खोक्यावर ताणलेली तार असते, टोकाला वजनं टांगलेली. तार लांब केली की सूर उतरतो. तोच सूर परत हवा असेल तर वजनं वाढवावी लागतात, आणि तीही लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. दहाचा वर्ग शंभर. अकराचा एकशे एकवीस. म्हणजे त्या पोरीच्या रॅकेटला माझ्यापेक्षा एकवीस टक्के जास्त ताण होता. फळीसारखी कडक झाली होती तात. तातेनं चेंडू झेलून परत फेकायचा असतो. ही झेलतच नव्हती. चेंडू मरत होता आणि धक्का सगळा कोपरात जात होता.

मी चांगली खेळत होते हे खरं. पण मी जिंकत होते ते सोनोमीटरच्या जोरावर.

मी खोटं कशाला सांगू? पहिला विचार आला तो गप्प बसायचा. कुणालाही कळलं नसतं. तीन गेम आणखी. शिवाय बोलायचं म्हणजे काय बोलायचं? चाळीस वर्षांत ज्यांच्याबद्दल तक्रार नाही त्या माणसाची चूक चार-पाचशे लोकांसमोर आणि त्या मशीनवाल्या दिवाडकरांसमोर काढायची?

“मॅडम, वेळ झाली,” रेवती म्हणाली. ती माझ्याकडेच बघत होती.

मी उठले, तिची रॅकेटही हातात घेतली आणि कोर्टाकडे न जाता लिंबाकडे गेले. खाली वाकून हळूच विचारलं, “चाचा, जनानी तंबोरा आणि मर्दानी तंबोरा, दोन्हींना तुम्ही एकच सूर लावता?”

“छे! जनानी लहान, तिचा सूर वरचा. मर्दानीला तो सूर लावाया गेलं तर तार तरी तुटंल नाहीतर भोपळा तरी फुटंल. हे आत्ता का विचारताय?”

 मी दोन्ही रॅकेटी त्यांच्यासमोर एकीवर एक धरल्या. लाकडी वर, काळी खाली. काळीची कड चारी बाजूंनी बाहेर डोकावत होती.

चाचांनी पाहिलं. त्यांचा हात दाढीवर गेला आणि तिथंच थांबला. मला वाटलं ते नाकारतील, चिडतील. मी हिशोब सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, “गप बसा बाई. आकडा नको. कळलं मला.”

आणि उठून ते थेट पंचांच्या उंच खुर्चीपाशी गेले.

“आप्पासाहेब, खेळ थांबवा. पोरीच्या रॅकेटची तात मी चुकीची ओढलीया. चूक तिची नाही, रॅकेटची नाही, माझी आहे. जनानीचा सूर मर्दानीला लावला मी. मला ती उतरवून पुन्हा ओढू द्या.”

क्षणभर कुणाला काही समजेना. मग एकच कल्लोळ उडाला. भिंतीवरची पोरं ओरडायला लागली. दिवाडकर टेबलावर मूठ आपटत म्हणाले, “मी सांगत होतो! पंचावन्न पौंड सांगितले होते मी!”

“तुम्ही पौंड सांगितलं,” चाचा शांतपणे म्हणाले, “तोंड मोठं आहे ते सांगितलं नाही. तंबोरा विकणारा माणूस आधी भोपळ्याचं माप सांगतोय.”



“पण कायद्यानं—” आप्पा उभे राहिले. “मॅडम, तुमची हरकत असेल तर सामना थांबवायचं मला कारण नाही. ज्यानं त्यानं आपलं हत्यार तपासून यावं. हरकत आहे?”

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. माझे यजमानही. त्यांनी हळूच मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

“नाही,” मी म्हणाले.

“संध्याकाळी पाच वाजता पुढे चालू! आणि गुण? पहिल्यापासून, की आहेत तिथून?”

मी तोंड उघडायच्या आत रेवती म्हणाली, “आहेत तिथून. जिंकलेले गेम मॅडमचेच.”

मी नको म्हटलं नाही. मी काही संत नव्हे. सहा-तीन, तीन-शून्य मला हवंच होतं.

त्या दुपारी मिरजेत कुणी झोपलं असेल असं वाटत नाही. चाचांच्या दुकानापुढं जत्रा भरली. त्यांनी तात कापली नाही. एकेक घर सोडत उतरवली, पाण्याच्या फडक्यानं पुसली आणि पुन्हा ओढायला घेतली. दाभणानं अडकवायचं, ओढायचं, छेडायचं, ऐकायचं. दिवाडकर शेजारी उकिडवे बसून दर तातेला घड्याळ बघत होते. शेवटची गाठ मारून चाचांनी पेटीवर आधी काळी दोन दाबली, मग खाली येत काळी एक. “हिच्या केसभर वर,” ते म्हणाले. मी मनातल्या मनात मांडलेलं उत्तर तेवढंच आलं होतं. त्यांनी काही मांडलं नव्हतं.

पाच वाजता दुप्पट माणसं होती. सांगलीहून लोक सायकलीवर आले होते.

मी सर्व्हिस केली. रेवतीनं फोरहँड मारला. तो चेंडू माझ्या शेजारून गेला तेव्हा मला तो दिसला नाही. फक्त ऐकू आला. मागच्या रेषेवर धूळ उडाली आणि भिंतीवरची पोरं वेड्यासारखी नाचायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, तो भीतीचा नव्हता. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं सूत्र कुणी असं अंगावर फेकून मारलं नव्हतं.

तीन-शून्यचं तीन-चार झालं. सेट तिनं घेतला, सहा-चार. तिसऱ्या सेटमध्ये मी जीव तोडून खेळले. लॉब उचलले, नेटवर धावले, एकदा पडले आणि गुडघ्याला शेण लागलं तशीच उठले. चार-चार. पाच-पाच. पाच-पाचला, लोक म्हणतात तसा चांगुलपणाचा आनंदबिनंद मला मुळीच होत नव्हता. मी स्वतःला शिव्या घालत होते. बाई, कशाला गेलीस त्या लिंबाखाली? सहा-पाच झालं, आणि मॅच पॉइंटला तिचा फटका रॅकेटच्या कडेला लागला. लाकडी रॅकेट असती तर चेंडू जाळ्यात गेला असता. तिचा डुगडुगत अलीकडे येऊन पडला. मी पोचले नाही.

सात-पाच. रेवतीनं रॅकेट टाकली, जाळ्यावरून उडी मारली आणि मला मिठीच मारली.

“पाहिलंत!” दिवाडकर गरजले. “तीस टक्के!”

“थांबा,” आप्पा म्हणाले. “सकाळी हीच रॅकेट होती ना? का सकाळी ती सागवानाची होती?”

“हीच होती.”

“खेळणारी तीच. समोरची तीच. पदार्थ तोच, यानाचा. सकाळी मार खाल्ला, संध्याकाळी जिंकली. मधल्या वेळात काय बदललं?”

दिवाडकरांनी पत्रक काढलं. लोकांना वाटलं वाद घालणार. पण त्यांनी ते नुसतं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “तातेबद्दल यात एक ओळ नाही हो.”

“मॅडम, तुम्ही सांगा,” कुणीतरी ओरडलं. “जाहिरात खरी का खोटी?”

मी रेवतीची रॅकेट घेऊन दहा मिनिटं चेंडू मारले. हलकी होती. मुठीत धक्का कमी येत होता. चुकून कडेला लागलेले चेंडूही पलीकडे जात होते. मला ती सोडवेना. मी परत आले आणि म्हणाले, “काहीतरी आहे. तीस टक्के नाही. आणि जे आहे ते ग्रॅफाइटचं किती, मोठ्या तोंडाचं किती आणि चाचांचं किती, ते मला वेगळं करता येत नाही. त्याला एवढ्याच तोंडाची लाकडी रॅकेट हवी.”

“म्हणजे अर्धं खरं,” आप्पांनी निकाल दिला.

“अर्धं म्हणजे किती, तेही मोजलेलं नाही,” मी म्हणाले, आणि लोक माझ्यावरच हसले.

रेवती पुण्याला गेली आणि दुसऱ्या फेरीत हरली. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत पोचली. मग लग्न होऊन बंगळूरला गेली आणि तिथं मुलींना शिकवू लागली. तिच्या मुलीच्या लग्नात आम्ही खूप वर्षांनी निवांत बसलो, तेव्हा तिनं सांगितलं, “मॅडम, मला पहिल्या सेटमध्येच कळलं होतं. सोनोमीटरच्या प्रॅक्टिकलला तुम्हीच मला पैकीच्या पैकी दिले होते. पण चाचांची चूक मी कशी काढू? घराशेजारचे, आजोबांसारखे. म्हणून तुमच्या कानाशी छेडली. दोनदा.”

“आणि मी गप्प बसले असते तर?”

“तर मी हरले असते,” ती म्हणाली. “आणि टेनिस सोडलं असतं.” मग हसून जिलबी घ्यायला निघून गेली.

दिवाडकरांनी त्या वर्षी मिरजेत चार रॅकेटी खपवल्या. प्रत्येकीबरोबर चौकटीच्या तोंडाचं माप हातानं लिहिलेलं कार्ड देत. पुढे कंपनी बंद पडली, ते ठाण्याला स्थायिक झाले आणि दिवाळीला मला न चुकता पत्र पाठवायचे. दोन हजार अकरानंतर पत्र आलं नाही.

आप्पा कवठेकर नव्वदीपर्यंत पंचांच्या खुर्चीशेजारी बसून उलटतपासणी घेत राहिले.

दस्तगीरचाचा सत्त्याण्णव साली गेले. त्या दिवसानंतर ते येणाऱ्या प्रत्येक रॅकेटचं तोंड आधी दोरीनं मोजायचे, आणि विचारलं तर सांगायचे, “एकदा चुकलो होतो. सगळ्या गावानं बघितलंय.” सांगताना त्यांना कसलीच लाज नसे. त्यांचा नातू आता मशीनवर तात ओढतो, आणि शेवटी एकदा छेडून बघतो.

आणि मी? एकसष्टाव्या वर्षी, यजमान गेल्यानंतर दोन वर्षांनी, मी पुण्याला ज्येष्ठ महिलांच्या राज्य स्पर्धेत नाव घातलं. मुलगा म्हणाला, आई, या वयात? मी म्हटलं, याच वयात तर ज्येष्ठ म्हणतात. गाडी, स्टेशन, पांढरा ड्रेस, छातीवर जिल्ह्याचं नाव, सगळं झालं. पहिल्याच फेरीत नागपूरच्या एका बाईंनी मला सहा-एक, सहा-एक असं धुतलं. तो एक गेम कसा जिंकला, ते मी अजून कुणी विचारलं तर पंधरा मिनिटं सांगते.